दहाव्यांदा लागेल तो ब्रेक: पिकअपचे पॅड कसे निवडायचे

पिकअप म्हणजे एकाच सांगाड्यावरच्या दोन गाड्या. हौदा रिकामा असतो तेव्हा दोन टनांच्या आसपासची एक, आणि माल भरल्यावर तीन टनांची दुसरी. इंजिन तेच, चाकं तीच, पायाखालचं पेडलही तेच. ब्रेक पॅड मात्र या दोन्ही गाड्यांना पुरे पडायला हवेत. ते बदलायची वेळ आली की बहुतेक जण ‘चांगली पकड असलेले द्या’ एवढंच सांगतात. मागणी चुकीची नाही, पण अर्धीच आहे.

थोडं गणित करू. माल भरलेली तीन टनांची पिकअप ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात सुमारे ७ लाख ४० हजार ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. गाडी थांबवायची म्हणजे ही ऊर्जा कुठेतरी जिरवायची, आणि घर्षणावर चालणारा ब्रेक तिची फक्त उष्णता करू शकतो. एवढ्या उष्णतेत दोन लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. करकचून ब्रेक दाबला तर हे सगळं तीन-सव्वातीन सेकंदांत उरकतं. म्हणजे त्या अवधीत ब्रेक सरासरी सव्वादोनशे किलोवॅटहून अधिक शक्ती पचवत असतात. पिकअपची इंजिनं साधारण शंभर ते दीडशे किलोवॅटची असतात. गाडीला पळवणाऱ्या यंत्रापेक्षा तिला थांबवणारं यंत्र इतकं बलवान असतं, आणि तरी जाहिरातीत आकडा छापला जातो तो इंजिनाचाच.

ही उष्णता जाते कुठे? बहुतेक सगळी डिस्कमध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या त्या चकतीत जिला पॅड दोन्ही बाजूंनी चिमटतात. डिस्क बीडाची असते, ती उष्णता झटकन ओढून घेते. पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कवर घासला जाणारा थर, त्या मानाने उष्णतेचा फारच मंद वाहक. ब्रेक लागताना गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे पुढच्या चाकांना जास्त काम पडतं. भरलेल्या गाडीत हा वाटा ६० टक्के धरला आणि पुढची प्रत्येक डिस्क १० किलोची मानली, तर ८० च्या वेगातून एकदा थांबल्यावर तिचं तापमान साधारण ५० अंशांनी चढतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढचा सिग्नल येईपर्यंत वारा तिला निववतो.

खरा प्रश्न घाटात येतो. तीच भरलेली पिकअप ५०० मीटर उंचीवरून खाली उतरते तेव्हा दीड कोटी ज्यूलच्या घरात ऊर्जा सुटते. ८० च्या वेगातून वीस वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा, आणि मध्ये निवायला उसंत नाही. काही भाग हवा आणि टायर खातात. खालच्या गियरमध्ये उतरलात तर बराचसा भार इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये उतरलात तर तो सगळा पॅडच्या बोडक्यावर. डिझेल वाचवण्याची ही जुनी खोड एका दमात पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल तिन्ही भाजून काढते. शिवाय हल्लीची इंजिनं गियरमध्ये असताना उतारावर इंधन बंदच करतात, त्यामुळे वाचत तर काहीच नाही.

आता ‘पकड’ म्हणतात तिच्याकडे येऊ. गाडी अखेर थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाने. ब्रेक फक्त चाकाला अडवतो. धडधाकट ब्रेक असतील तर कंपनीने बसवलेले साधे पॅडही चाक लॉक करण्याइतका जोर देऊ शकतात, रिकाम्या गाडीत तर सहजच. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्या क्षणी पेडल पायाखाली थरथरतं. ती टायरची हद्द असते. तिच्यापुढे कितीही ‘कडक’ पॅड लावा, थांबण्याचं अंतर घटत नाही. पेडल तेवढं हलकं लागतं. त्यामुळे नवे पॅड टाकल्यावर गल्लीत एक चक्कर मारून ‘वा, काय ब्रेक लागतोय’ असं जे प्रमाणपत्र दिलं जातं, त्याला फारसा अर्थ नसतो. पॅडपॅडमधला फरक पहिल्या ब्रेकला दिसत नाही. दहाव्या ब्रेकला, तापलेल्या डिस्कवर, हौदा भरलेला असताना दिसतो.

तो कशामुळे पडतो हे समजायला पॅडच्या मसाल्यात डोकवावं लागेल. घासून झिजणारा, पण बदलता येणारा थर ब्रेकला लावायची युक्ती मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला मोटार घेऊन निघाल्या, तेव्हा वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. त्यांनी चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. पुढे १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी ब्रेकच्या अस्तराचा धंदाच उभा केला. १९०२ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण त्यात तांब्याचे पॅड होते आणि ते भयंकर किंचाळत. मग अ‍ॅस्बेस्टॉस आलं. स्वस्त, न जळणारं, तंतुमय. ब्रेकसाठी जणू घडवलेलं. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो हे सिद्ध होऊन ते बाजूला पडायला विसाव्या शतकाचा मोठा भाग खर्ची पडला.

आजच्या पॅडमध्ये दहा-वीस किंवा त्याहून जास्त घटक असतात. सगळं बांधून ठेवायला फेनॉलिक राळ. बळकटीला पोलाद, अ‍ॅरामिड किंवा काचेचे तंतू. घर्षण वाढवायला अ‍ॅल्युमिना किंवा झिर्कोनियाची कठीण पूड, ते आवरायला ग्राफाइट, आणि जागा भरायला बराइटसारखी स्वस्त खनिजं. यात कच्चा दुवा राळेचा. पॅडचा पृष्ठभाग साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात गेला की ती विघटित व्हायला लागते, तिच्यातून वायू सुटतात, घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकड किती ते सांगणारा आकडा, कोसळतो. पेडल कडकच लागतं, पाय जोर लावत राहतो आणि गाडी मात्र थांबायला तयार नसते. यालाच फेड म्हणतात.

पेडल कडक न लागता स्पंजासारखं खाली जात असेल तर दोष पॅडचा नाही, ब्रेक ऑइलचा. नेहमीचं ग्लायकॉलवर आधारलेलं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट हे ब्रेक ऑइलच्या प्रतीचं मानक. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पण पाणी शोषलेल्या अवस्थेत तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. जुनं काळपट ऑइल तसंच ठेवून महागडे पॅड घालणं म्हणूनच मला शुद्ध उधळपट्टी वाटते.

पॅडचे प्रकार बाजारात चार नावांनी मिळतात. ऑरगॅनिक पॅडमध्ये धातू फार कमी. ते शांत, डिस्कला सौम्य, पण ताप वाढला की लवकर मान टाकतात. थोडा पोलादी तंतू घातलेले लो-मेटॅलिक जरा पुढचे, त्यांचा आवाज आणि काळी धूळही पुढची. सेमी-मेटॅलिकमध्ये वजनाने साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश भाग धातू. हे ताप चांगला सोसतात, तापलेल्या अवस्थेतही घर्षण टिकवतात. बदल्यात डिस्क थोडी जास्त झिजवतात, थंडीत सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला किंचित आळस दाखवतात, आणि धातूमुळे उष्णता कॅलिपरकडेही जास्त पोचवतात. म्हणजे पुन्हा ब्रेक ऑइलचा प्रश्न. चौथे सिरॅमिक: शांत, फिकट धूळ, एकसारखं घर्षण. स्पोर्ट्स गाड्यांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी यांचा काही संबंध नाही. इथे फक्त मसाल्यात सिरॅमिक तंतू आणि पूड असते.

माझं मत विचाराल तर, जी पिकअप नियमित माल वाहते, ट्रेलर ओढते किंवा घाटात फिरते, तिला पुढे चांगल्या निर्मात्याचे सेमी-मेटॅलिकच असावेत. जी बहुतेक वेळ रिकामी, शहरात, घरच्या गाडीसारखी वापरली जाते तिला सिरॅमिक उत्तम. मात्र एकाच नावाखाली दोन निर्मात्यांचे मसाले पूर्ण वेगळे असू शकतात, आणि ‘हेवी ड्यूटी’ हे शब्द तर डब्यावर कुणीही छापू शकतं. शर्यतीसाठी बनवलेले पॅड रस्त्यावरच्या गाडीला अजिबात नकोत. ते तापल्याशिवाय धड पकडतच नाहीत, आणि रस्त्यावर अचानक ब्रेक दाबायची वेळ येते ती बहुधा पॅड थंड असतानाच.

डब्यापेक्षा पॅडची कड आणि पाठ जास्त खरं बोलतात. अनेक पॅडवर एका लांबलचक क्रमांकाच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर सामान्य तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफई’ लिहिलेला पॅड तापल्यावर ढिला पडतो. ‘एफएफ’ त्याच पट्ट्यात टिकतो. मालवाहू गाडीसाठी दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं नसलेलं बरं. पण हा आकडा मसाल्याच्या जेमतेम एक इंच चौरस तुकड्यावरच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. त्यावरून दर्जा, आयुष्य किंवा आवाज काहीच कळत नाही. त्याहून भक्कम आधार संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांतल्या आर ९० चा. त्यात बदली पॅडला मूळ पॅडच्या तुलनेत ब्रेकची कामगिरी १५ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवावी लागते. फार कमी चालत नाही, तसं फार जास्तही चालत नाही.

जास्त का चालू नये? कारण पुढच्या आणि मागच्या ब्रेकची वाटणी गाडी बनवणाऱ्याने ठरवलेली असते, आणि पिकअपमध्ये ती आधीच नाजूक असते. रिकाम्या हौद्याखाली मागची चाकं हलकी, जरा जोर झाला की लॉक होऊन गाडीचं शेपूट फिरणार. म्हणून जुन्या रचनेत मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. हौदा किती दबला आहे ते पाहून तो मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. मागे डिस्कऐवजी ड्रम (आतून लायनर घासणारे डबे) असतील, आणि पिकअपमध्ये ते अजूनही भरपूर दिसतात, तर नुसते पुढचे पॅड बदलून भागत नाही. मागचे लायनर झिजून किंवा सेटिंग बिघडून काम करेनासे झाले असतील तर त्यांचा वाटाही पुढच्यांवर येतो आणि नवे पॅड अकाली जळतात. त्या व्हॉल्व्हचा गंजून अडकलेला दांडा तर क्वचितच कुणी तपासतं.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पॅडच्या डब्यावर कधी एक, दोन किंवा तीन पानांचं चिन्ह दिसतं. त्याचा ब्रेकच्या ताकदीशी संबंध नाही, माशांशी आहे. पॅडमधलं तांबं धुळीबरोबर ओढ्यांत जातं आणि सॅमन माशांची वास घेण्याची क्षमता बिघडवतं, म्हणून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. तीन पानं म्हणजे तांबं अर्ध्या टक्क्याहून कमी.

बसवतानाच्या गोष्टींनी निवडीवर पाणी पडू शकतं. पॅड नेहमी एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. जुन्यांत आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलेला दिसला तर कॅलिपरच्या सरकपिना अडकल्या आहेत. त्या साफ करून योग्य ग्रीस न लावता नवे पॅड घातले तर तेही तसेच झिजतील. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून पाहावी. पातळ डिस्क म्हणजे उष्णता साठवायला कमी लोखंड. पॅडची लोखंडी पाठही निरखावी: स्वस्त पॅडमध्ये तिच्यावर गंज चढतो आणि मसाला पोपड्यासारखा सुटून येऊ शकतो.

पॅड बसले की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दाबाला पाय थेट तळाला जातो. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर साधारण ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवायचा, पूर्ण न थांबता, आणि प्रत्येक वेळी मध्ये थोडं चालवून ब्रेक निवू द्यायचे. असं दहा-पंधरा वेळा. पॅडच्या डब्यात वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी. यात पॅडच्या मसाल्याचा अगदी पातळ थर डिस्कवर एकसारखा चढतो, आणि पुढचं बरंचसं घर्षण त्या थरावरच होत राहतं. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरत उभं राहिलात तर तो थर एकाच जागी जाड बसतो. काही दिवसांनी ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरायला लागतं, डिस्क वाकली असं निदान होतं आणि चांगली डिस्क बदलली जाते. पुष्कळदा ती वाकलेली नसतेच. तिच्यावर मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचे डाग चढलेले असतात. सुरुवातीचे दोन-तीनशे किलोमीटर हौदा पूर्ण न भरता आणि मोठा घाट टाळून गाडी चालवली तर उत्तम, कारण नव्या राळेतले उरलेसुरले वायू पहिल्या मोठ्या तापात बाहेर पडतात आणि त्या वेळी नवा पॅडही जुन्यासारखाच फेड होतो.