मिशा नसलेला किडा

पाऊस सरता सरता घाटमाथ्यावरच्या जांभूळ-अंजनीच्या रानातून दोन ओंजळी पालापाचोळा घरी आणला होता. वर ओली पानं, मध्ये बुरशीचे पांढरे धागे, तळाला काळी भुसभुशीत माती. नुसत्या डोळ्यांना त्यात एक गोम आणि दोन मुंग्या दिसल्या.

बाकीचे रहिवासी बाहेर काढायची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. इटलीच्या आन्तोनिओ बर्लेझे यांनी १९०५ मध्ये गरम पाण्याने तापणारं नरसाळं केलं, पुढे स्वीडनच्या टुलग्रेन यांनी त्यावर विजेचा दिवा लावला. घरी दोन लिटरची बाटली कापून उलटी ठेवायची, तोंडाशी मच्छरदाणीची जाळी, खाली वाटीत थोडं स्पिरिट. दिवा मात्र जुना पिवळाच हवा, एलईडीने माती तापत नाही. वरून माती वाळत येते तसे अंधार आणि ओल शोधणारे जीव खाली सरकतात आणि वाटीत पडतात. दोन-तीन दिवस लागतात. घाई करून दिवा जवळ आणला, तर सावकाश चालणारे वाटेतच वाळून मरतात. मी पहिल्यांदा नेमकं तेच केलं होतं.

या वेळी वाटीत बहुतेक माइट, म्हणजे कोळ्यांचे चिमुकले नातलग, आणि स्प्रिंगटेल, म्हणजे उड्या मारणारे सहा पायांचे बारीक जीव होते. त्यांतच एक फिकट पिवळसर तुकडा होता, जेमतेम दीड मिलिमीटरचा, शेवयाचा चुरा पडावा तसा. दहापट भिंगाखाली त्याला पाय दिसले.

आता ओळखायचं कसं? आधी पाय मोजायचे. आठ असतील तर माइट किंवा विंचवासारखे चिमटे असलेला छद्मविंचू. बारा जोड्या असतील तर सिम्फायला, म्हणजे गोमेचा पांढरा, चिमुकला नातलग. इथे तीनच जोड्या होत्या. पण थांबा, माइटच्या पिल्लालाही सहाच पाय असतात! फरक अंगात असतो: माइटचं पिल्लू गोलसर, खंड न दिसणारं, हा लांबट, आणि पोटावर ठळक वळ्या. पोटाखाली दुमडलेली उडीची काठी नाही, म्हणजे नेहमीचा स्प्रिंगटेल नाही. मागे दोन शेपट्या किंवा चिमटा नाही, म्हणजे डिप्लुरा हा मातीतलाच दुसरा सहा पायांचा जीवही नाही.

मग डोकं पाहिलं. डोळे नाहीत. मिशाही नाहीत. मिशा तुटल्या असतील म्हणून खोबणी शोधली, तर तीही नाही. सहा पायांच्या जीवाला मिशाच नसणं इतकं विरळ, की तिथेच नाव ठरतं: प्रोटुरा. पुढचे दोन पाय डोक्यापुढे उचलून धरलेले दिसले, त्याचाही अर्थ मग लागला. तो चालतो चार पायांवर, आणि पुढच्या दोन पायांनी मिशांचं काम करतो, वाट चाचपतो.

पहिल्या प्रोटुराचं वर्णन फिलिप्पो सिल्व्हेस्त्री यांनी १९०७ मध्ये केलं. तोवर गरुड, देवमासे, हजारो फुलपाखरं यांना नावं मिळून गेली होती आणि जंगलांच्या पायाखालची ही अख्खी जमात कुणाच्या ध्यानातही नव्हती. आज जगभरात सुमारे ८०० जाती माहीत आहेत. काटेकोर बोलायचं तर हे कीटकही नव्हेत. त्यांचे जबडे डोक्याच्या आत दडलेले असतात, म्हणून बरेच तज्ज्ञ त्यांना कीटकांच्या शेजारी वेगळ्या गटात ठेवतात. आणखी एक गंमत: अंड्यातून निघताना पोटाचे खंड नऊ असतात, कात टाकता टाकता ते बारा होतात. कीटक असं कधी करत नाहीत. खाणं बहुधा बुरशीचं. पानांमधले ते पांढरे धागे उगाच नव्हते.

जात ओळखणं मात्र भिंगाचं काम नाही. त्यासाठी नमुना लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून काचपट्टीवर चढवतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पुढच्या पावलावरची एकेक संवेदी लव जागेनिशी मोजतात. माझा प्रोटुरा सध्या स्पिरिटच्या कुपीत आहे. चिठ्ठीवर तारीख, उंची, झाडं आणि पाचोळ्याची जाडी पेन्सिलने लिहिली आहे, कारण स्पिरिटमध्ये पेनाची शाई उतरते.