रोमन गेले, शेतं राहिली

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात चेडवर्थ इथं रोमन काळातल्या एका बड्या जमीनदाराचा वाडा उत्खननात सापडलेला आहे. त्यातल्या एका खोलीत रंगीत दगडी तुकडे जोडून केलेली नक्षीदार फरशी आहे. ही खोली वेगळी करण्यासाठी बांधलेल्या भिंतीच्या पायात कोळसा आणि हाड मिळालं. रेडिओकार्बन पद्धतीनं त्यांचं वय काढलं, तेव्हा ती भिंत इ.स. 424 नंतरची निघाली. हा निष्कर्ष 2020 मध्ये जाहीर झाला आणि अभ्यासक चकित झाले, कारण रोमन सत्ता ब्रिटनमधून 410 च्या सुमारासच संपली होती. म्हणजे सरकार गेल्यावरही तिथं कुणीतरी राहत होतं, कारागीर बोलावून नवी फरशी करून घेत होतं. नक्षी आधीच्या शतकातल्या कामाइतकी सफाईदार नाही, तिच्यात चुकाही आहेत. पण ती आहे.

मला ही खोली फार महत्त्वाची वाटते. साम्राज्य बुडालं, गावं ओस पडली, शेतांवर रान माजलं, असं चित्र पिढ्यान्‌पिढ्या रंगवलं गेलं. सहाव्या शतकातला गिल्डास नावाचा धर्मोपदेशक ओसाड शहरांबद्दल आक्रोश करतो आणि तो सूर पुढच्या अनेक इतिहासांत उतरला. शहरांपुरतं ते बरंचसं खरंही आहे. खेड्यांचं काय झालं, हे सांगायला मात्र लेखी पुरावा जवळजवळ नाही. तिथं चिखलालाच विचारावं लागतं.

दलदलीत आणि तळ्यांच्या तळाशी दर वर्षी गाळाचा पातळ थर साचतो आणि त्यात वाऱ्यानं आलेले परागकण अडकतात. परागकणाचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या चिवट पदार्थाचं असतं. हवा न पोहोचणाऱ्या ओल्या गाळात ते हजारो वर्षं टिकतं. गाळाचा उभा दांडा काढायचा, थराथरातले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. धान्याचा परागकण रानगवतापेक्षा मोठा दिसतो. प्लँटेनचा, म्हणजे आपल्या इसबगोलाच्या भाऊबंदाचा, कण वाढला की तिथं गुरं चरत होती असं समजायचं. बर्च, हेझल, आल्डर वाढले की झाडी परत आली.

आणि इंग्लंडमध्ये झाडी परत यायला वेळ लागत नाही. रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1882 मध्ये गव्हाच्या शेताचा एक तुकडा कापणी न करता मुद्दाम सोडून दिला. चार वर्षांत तिथं गव्हाची मोजकी खुरटी रोपं उरली. आज त्याच जागी उंच झाडांचं जंगल आहे. तेव्हा पाचव्या शतकात शेतकरी खरोखर निघून गेले असते, तर परागकणांत झाडांची लाट दिसायलाच हवी होती.

ती दिसते, पण उत्तरेत. रोमनांनी उत्तर सीमेवर बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीजवळच्या फोझी मॉस या दलदलीत रोमनांच्या काळात मोकळं झालेलं रान त्यांच्यानंतर पुन्हा दाट झालं. याचं कारण समजण्यासारखं आहे. भिंतीवर हजारो सैनिक होते. त्यांना धान्य, मांस, चामडं, जळण लागायचं. सैन्य गेलं, मागणी गेली. दक्षिणेतल्या आणि मध्य भागातल्या सखल प्रदेशात मात्र बहुतेक ठिकाणी जमीन उघडीच राहिली. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी उत्खननात मिळालेले रोमन काळातल्या शेतांचे चर आणि मध्ययुगीन बांध यांच्या दिशा ताडून पाहिल्या. सखल भागात निम्म्याहून जास्त ठिकाणी त्या जुळल्या. बांधाची दिशा टिकायची तर त्या बांधापर्यंत कुणीतरी सतत जमीन कसत किंवा गुरं चारत राहावं लागतं.

बदललं ते त्या जमिनीवर काय करायचं हे. रोमन ब्रिटनचं मुख्य पीक होतं स्पेल्ट गहू. आपल्याकडच्या खपलीसारखाच हा टरफलातला गहू, नुसता मळून दाणा सुटत नाही. तो भाजून, कांडून काढावा लागतो. रोमन काळातल्या शेतवस्त्यांवर धान्य वाळवायच्या, भाजायच्या दगडी भट्ट्या म्हणूनच जागोजाग सापडतात. टरफलात दाणा सुरक्षित राहतो, साठवायला आणि दूर पाठवायला बरा. आणि धान्य दूर जातही होतं: 359 च्या सुमारास रोमन उपसम्राट ज्युलियननं ब्रिटनचं धान्य ऱ्हाईनकाठच्या सैन्यासाठी शेकडो जहाजांतून नेलं. नवी नाणी येणं 402 नंतर जवळपास थांबलं. कर नाही, बाजार नाही, सैन्य नाही. मग कुणासाठी एवढं पिकवायचं? भट्ट्या बंद पडल्या, स्पेल्ट हळूहळू मागे पडला आणि सहज मळता येणारा साधा गहू, जव, ओट, राय यांना जागा मिळाली. बऱ्याच शेतांची कुरणं झाली. गुरांच्या हाडांवरून कळतं, की रोमन काळात वाढलेली त्यांची उंची पुन्हा घटली. याला काहीजण अधोगती म्हणतात. करवसुलीतून सुटलेल्या कुळाला ती तशीच वाटली असेल का, याची मला शंका आहे.

सफोकमधलं वेस्ट स्टो हे त्या काळचं एक गाव, साधारण 420 ते 650 पर्यंत वसलेलं. लार्क नदीकाठच्या वालुकामय जमिनीवर सुमारे 70 लाकडी घरं निरनिराळ्या काळात उभी राहिली. प्रत्येकाखाली एक उथळ खड्डा. जोती नाहीत, कौलं नाहीत. लाकूड कुजलं की घर सोडायचं आणि शेजारी नवं बांधायचं. अशा गावाचा माग काढणं कठीण, म्हणूनही तो काळ इतका रिकामा वाटत आला.

सहावं शतक सोपं नव्हतं. 536 पासूनच्या ज्वालामुखी उद्रेकांनी थंडी वाढली. केंब्रिजशायरमधल्या एडिक्स हिल इथल्या दफनभूमीतल्या सांगाड्यांत त्याच शतकातल्या प्लेगचा जीवाणू सापडला आहे.

तरी सातव्या शतकात केंटमधल्या लिमिंज इथं कुणाकडे तरी भारी नांगर होता. त्याचं जमीन चिरणारं उभं लोखंडी पातं 2010 मध्ये एका घराच्या खड्ड्यात सापडलं. असा नांगर ओढायला बैलांची मोठी जोडणी लागते, आणि इंग्लंडमध्ये तो आणखी दोन-तीन शतकांनी आला असं तोवर मानलं जायचं. घर सोडताना ते पातं तिथं मुद्दाम ठेवलं असावं असं उत्खनन करणाऱ्यांना वाटतं. लोखंड वितळवून पुन्हा वापरायच्या त्या काळात कुणीतरी ते मातीला देऊन टाकलं.