मोकळं नाचायला आधी अंगाची भीती जावी लागते

कॉन्शस डान्स म्हणजे स्टेप्स नाहीत, स्पर्धा नाही, समोर बघे नाहीत, गाणं लागलं की अंग जसं हलेल तसं हलू द्यायचं. गॅब्रिएल रॉथ यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत ‘फाइव्ह रिदम्स’ नावाची पद्धत मांडली, ती यातलीच. आता संभाजीनगर, लातूर, नांदेडला कुणी असा ग्रुप सुरू करायचं म्हणत असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, की साउंड सिस्टीमच्या आधी माणसाच्या मेंदूचा विचार करा.

मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका आहे असं आपल्याला नीट कळायच्या आतच तो कामाला लागतो, मग अंगात अ‍ॅड्रेनॅलिन हे धोक्याला तयार करणारं हार्मोन सुटतं, छाती धडधडते, श्वास वर वर चालतो. आता गंमत बघा, जोरात नाचल्यावरही हेच होतं, म्हणून ज्याला पूर्वी पॅनिक अटॅक आलेत त्याला ढोल वाढला की तो नाचाचा दम आहे का भीतीचा हे पटकन उमगत नाही, आणि तो घाबरून आणखी घाबरतो. अशा माणसाला आधीच सांगून ठेवायचं की मधेच बसलास तरी चालतं, बाहेर जाऊन आलास तरी चालतं, कुणी कारण विचारणार नाही. दार मात्र उघडं पाहिजे आणि सगळ्यांना दिसलं पाहिजे.

आपल्याकडं सामूहिक नाच काही नवा नाही. दिंडीत टाळ-मृदंगावर पावली सुरू झाली की साठीच्या आजीबाई पण ठेका सोडत नाहीत, लई अंतर चाललेलं असतं तरी. याच्यामागं शास्त्र आहे. ब्राझीलमधल्या २६४ शाळकरी मुलांवरचा एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मुलांना नाचायला लावलं आणि बीपीचा पट्टा दंडावर आवळून आधी-नंतर किती दुखणं सहन होतं ते मोजलं. एकतालात नाचलेल्यांची सहनशक्ती वाढली, आणि अंग जास्त हलवून नाचलेल्यांचीही वाढली. शरीर स्वतःच एंडॉर्फिन, म्हणजे दुखणं कमी करणारं रसायन सोडतं, त्याचं हे लक्षण मानतात.

पण पावलीत पुढचं पाऊल कोणतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. फुगडीत हात कुठं धरायचा हे ठरलेलं असतं, पाया पडणं पण ठरलेलं. मोकळ्या नाचात यातलं काहीच ठरलेलं नाही, शेजारचा काय करंल सांगता येत नाही, आणि मेंदूला अंदाज न येणं हाच मोठा ताण आहे. म्हणून पावलीत जे रिवाज करतो ते इथं आयोजकाला तोंडानं बोलून करावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं स्पर्शाचं. ‘ती काही बोलली नाही’ म्हणजे होकार, हे डोक्यातून काढा. स्वीडनमध्ये लैंगिक अत्याचार झालेल्या २९८ महिलांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, त्यात ७० टक्के महिलांनी सांगितलं की त्या वेळी अंग गोठल्यासारखं झालं, हलता-ओरडता आलं नाही. अतिभीतीत शरीर असं करतं, त्यात त्या बाईची इच्छा-अनिच्छा काही नसते. त्यामुळं विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि नाचता नाचता एखादी एकदम ताठ झाली, नजर एका जागी थांबली, ओढणी घट्ट धरून दाराकडंच बघायला लागली तर समोरच्यानं आपणहून दोन पावलं मागं व्हायचं.

दुसरं मोबाईलचं. आपल्या गावात बाई हळदीत, वरातीत नाचते तेव्हा पण कुणी शूट करतंय का याच्यावर तिचा एक डोळा असतो, कारण क्लिप सासरच्या ग्रुपवर गेली तर काय होईल ते तिलाच माहीत. अर्धं लक्ष त्या कॅमेऱ्यात अडकलं असताना अंग मोकळं होत नाही. दारातच सगळ्यांचे फोन टोपलीत, आयोजकाचा पण. फोटो एकही नको, जाहिरातीला पण नको.

शेवटी गाणी हळू करत आणा, सावकाश श्वास सोडायला लावा, लांब उच्छ्वासानं मेंदूकडून हृदयाकडं जाणाऱ्या व्हेगस नर्व्ह या नसेमार्फत हृदयाचा ठोका उतरतो. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन ताण आल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी सगळ्यात वर जातं, म्हणून रडलेल्या माणसाला लगेच गाडीवर बसवून घरी धाडू नका, चहा द्या, बसू द्या. जुनं दुःख उफाळून आलं असेल तर आपण समुपदेशक व्हायला जायचं नाही, सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं, तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.