सतरंजी अंथरणारी माणसे : मराठवाड्यातल्या 'कला सर्वांसाठी' या कामाची पार्श्वभूमी

निजामाच्या राज्यात पन्नास माणसे एका जागी जमवायची तर आधी परवानगी काढावी लागे. १९२९ च्या 'गश्ती निशान त्रेपन्न' या हुकमाने सभा-संमेलने सरकारच्या मर्जीवर गेली. खासगी शाळा आणि आखाडे यांच्यावरही अशीच नजर असे. आज मराठवाड्यात गाणे, नाटक, चित्रकला गावोगाव नेणाऱ्या लहानमोठ्या संस्था दिसतात. त्यांच्याविषयी कुणी विचारले की मी या हुकमापासून सुरुवात करतो, कारण सतरंजी अंथरून चार लोकांना ऐकायला बोलावणे हे इथे फार काळ धाडसाचे काम होते. लोक कीर्तनाला जमत, गणेशोत्सवातल्या मेळ्याला जमत, वाचनालयात जमत. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे आहे. राज्यकारभार उर्दूत, शिक्षण उर्दूत, अशा काळात मराठी पुस्तकाचे कपाट उघडे ठेवणारा ग्रंथपाल काय करत होता, हे आज पटकन लक्षात येत नाही. पुढे १९४३ मध्ये मराठवाडा साहित्य परिषद उभी राहिली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, तेव्हा लोकांना एकत्र आणायची सवय असलेली एक पिढी या भागात तयार होती.

या पिढीच्याही मागे एक फार जुना वारसा आहे. देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा ज्याला आपला मानतात असा हा ग्रंथ. देवगिरीहून पैठण फार लांब नाही. तिथे सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली आणि त्यांत वासुदेव, जोशी, गोंधळी, महार, विंचू चावलेली बाई अशी रस्त्यावरची सगळी माणसे बोलती केली. राजसभेतला संस्कृत ग्रंथ आणि नदीच्या वाळवंटातले भारूड, दोन्ही याच मातीतले. कलेच्या कामात पडलेल्या माणसाला यातले एकच निवडायची घाई होते. मला ती चूक वाटते. ख्याल ऐकायला गावकऱ्याची तयारी नसते असे समजणारे संयोजक मी पाहिले आहेत, आणि संबळ ही अभ्यासाची गोष्टच नव्हे असे समजणारे प्राध्यापकही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गोंधळी दिवटी, संबळ, तुणतुणे घेऊन घरी येई आणि रात्रभर आख्यान लावी. तुळजापूरच्या वाटेवर आराधी गात. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत वाघ्या-मुरळीपासून तमाशापर्यंत सगळे एका माळावर नांदे. यातल्या कशालाही तिकीट नव्हते. पण ऐकणाऱ्याला दार उघडे असले, तरी वाजवणाऱ्याला ते उघडे होतेच असे नाही. रात्रभर घर जागवणारा कलावंत सकाळी शिधा घेऊन ओट्यावरूनच परत जाई. त्यामुळे 'कला सर्वांसाठी' म्हणताना समोर बसलेल्यांचा विचार जेवढा करायचा, तेवढाच मंचावर कोण चढू शकतो याचाही करावा लागतो.

तो दरवाजा मराठवाड्यात सर्वांत जोराने ढकलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. उच्च शिक्षणाची जवळजवळ काहीच सोय नसलेला हा भाग त्यांनी मुद्दाम निवडला. तिथले म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि ज्यांच्या आजोबांना देवळाच्या पायरीवर उभे राहायची मुभा नव्हती ती मुले रंगमंचावर उभी राहिली. मिलिंदच्या याच नागसेनवन परिसरातून पुढे गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचे नियतकालिक निघाले आणि लिहिणाऱ्यांची एक नवी रांगच उभी राहिली. मिलिंदची आठवण बहुतेक वेळा शिक्षणाच्या इतिहासात सांगितली जाते. माझ्या मते ती रंगभूमीच्या इतिहासातही तितक्याच ठळकपणे यायला हवी.

नांदेडला त्याच वर्षी, १९५० मध्ये, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. तिथे पुढे नरहर कुरुंदकर आले. इंटरला वारंवार नापास झालेला, आधी शाळेत शिकवणारा हा माणूस पुढे त्याच कॉलेजचा प्राचार्य झाला. भरताच्या नाट्यशास्त्रावर त्यांनी जन्मभर विचार केला, आणि जे वाचले ते व्याख्यानांतून गावोगाव वाटत फिरले. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. अवघड विषय सामान्य श्रोत्यासमोर सोपा करून मांडताना त्याची उंची कमी करायची नाही, हे मराठवाड्यातल्या संयोजकांना त्यांच्यामुळे माहीत झाले. पुस्तक परवडत नाही म्हणून कुणी नाट्यशास्त्रापासून लांब राहू नये, असे मानणारा विद्वान लाभणे ही त्या शहराची मोठी कमाई होती.

गाण्यात हेच काम पं. नाथराव नेरळकरांनी केले. नांदेडचे, अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य. पुढे औरंगाबादला सरस्वती भुवनमध्ये त्यांनी संगीत शिकवले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर मराठवाड्यात पेटीवर हात ठेवून बसलेल्या कितीतरी शिक्षकांचे गुरू, किंवा गुरूंचे गुरू, ते झाले होते. मुंबई-पुण्यात गवय्याची कीर्ती मैफलींवर मोजतात. इथे ती जिल्हा परिषदेच्या शाळेत कोण प्रार्थना सुरात म्हणवून घेतो, यावरून कळते.

औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ ची. पुढे तिथे नाट्यशास्त्र विभाग सुरू झाला. कमलाकर सोनटक्के यांनी त्याची पायाभरणी केली, आणि तमाशाचा अभ्यास करणारे रुस्तुम अचलखांब यांच्यासारखे शिक्षक तिथे होते. लोकसाहित्याचे अभ्यासक प्रभाकर मांडे गोंधळी, वासुदेव, पोतराज अशा फिरत्या कलावंतांच्या परंपरांवर लिहीत राहिले. त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. 'जिज्ञासा'सारख्या नाट्यसंस्थेतून चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांच्यासारखी मंडळी घडली आणि मुंबईला गेली. जाणाऱ्यांनी नाव काढले, याचा अभिमान आहेच. पण राहिलेल्यांचे काय? त्यांची नावे पोस्टरवर आली नाहीत. ती शाळेच्या हजेरीपटावर, एलिमेंट्री-इंटरमिजिएट परीक्षेला मुले बसवणाऱ्या चित्रकला शिक्षकांच्या नोंदींत, तालुक्याच्या मांडववाल्याच्या उधारीच्या वहीत सापडतील. आजच्या संस्थांचा पाया याच माणसांनी घातला.

अंबाजोगाईबद्दल जरा सविस्तर सांगतो. मुकुंदराज आणि दासोपंतांचे हे गाव. यशवंतराव चव्हाण २५ नोव्हेंबर १९८४ ला गेले आणि पुढच्याच वर्षापासून भगवानराव लोमटे यांच्या पुढाकाराने इथे त्यांच्या नावाचा स्मृती समारोह सुरू झाला. तो आजही भरतो. जिल्ह्याचे ठिकाण नसलेले गाव, जवळ विमानतळ नाही, गायकाला रात्रीचा प्रवास करून यावे लागते. तरी त्याच दिवसांत शेतीवरची चर्चा होते, कविता होते, चित्रांचे प्रदर्शन होते आणि शास्त्रीय गाणेही होते. कापूस विकून आलेला माणूस शेतीचे ऐकायला बसतो आणि उठेपर्यंत तानपुरे जुळायला लागलेले असतात. ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. संगीतसभा वेगळी ठेवली की तिचे नेहमीचे श्रोते तेवढे येतात. शेतकऱ्याच्या प्रश्नाला लागून ठेवली की घरातली बाई, पोर, सालगडी सगळे ऐकतात. या समारोहाकडे पाहून आसपासच्या तालुक्यांतल्या अनेकांना आपल्याही गावात असे काही करता येईल असा धीर आला, आणि त्यांतला मी एक.

१९९६ मध्ये औरंगाबादेत पार्वती दत्ता यांनी 'महागामी' हे गुरुकुल सुरू केले. कथक आणि ओडिसी तिथे शिकवतात, आणि शार्ङ्गदेवाच्या नावाने समारोह होतो. जवळजवळ आठशे वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथकाराला त्याच्याच परिसरात पुन्हा श्रोते मिळाले, याचा आनंद शब्दांत सांगणे अवघड आहे. देशपातळीवर या विचाराची सर्वांत मोठी चळवळ १९७७ ची, दिल्ली आयआयटीतले प्राध्यापक किरण सेठ यांनी उभी केलेली 'स्पिक मॅके'. अमेरिकेत शिकत असताना डागर घराण्यातल्या गायकांचे धृपद त्यांच्या कानी पडले. परतल्यावर शाळा-कॉलेजातल्या मुलांना मोठे कलावंत फुकट ऐकता यावेत म्हणून त्यांनी स्वयंसेवकांचे जाळे विणले. वयाची सत्तरी ओलांडल्यावर ते याच कामासाठी सायकलवरून काश्मीर ते कन्याकुमारी निघाले.

आता पैशाचे. बहुतेक संस्था १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, या दोन कायद्यांखाली नोंदलेल्या असतात. दरवर्षी लेखापरीक्षण करायचे, विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा, देणगीदाराला आयकरात सवलत मिळावी म्हणून आयकर खात्याची मान्यता घ्यायची. निवृत्त शिक्षक, वकील, औषधाच्या दुकानाचा मालक, एखादी बँकेत नोकरी करणारी बाई, अशी पाच-सात माणसे हे सगळे रात्री घरी बसून करतात. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ मुळे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो, आणि कला-संस्कृती त्या यादीत आहे. पण त्याच कायद्यात कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असेही म्हटले आहे. कारखाने औरंगाबादजवळच्या वाळूज-चिकलठाण्याच्या पट्ट्यात. मग किनवट, आष्टी, भूम इथल्या संस्थेने काय करायचे? तिथे आजही वर्गणीच चालते. कुणी शंभर रुपये देतो, कुणी जेवण, कुणी कलावंताला आपल्या घरी उतरवून घेतो.

एवढे होऊनही काही माणसे बाहेर राहिलीच, आणि हे मला सतत सलते. एकदा आमच्या कार्यक्रमाला एक म्हातारे संगीतशिक्षक चाकाच्या खुर्चीतून आले. नाट्यगृहाला पायऱ्या होत्या, उतार नव्हता. चौघांनी खुर्ची उचलून आत नेली. ते हसत होते, आणि आम्हाला त्यांच्याकडे वर बघवत नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सांस्कृतिक जीवनाचा हक्क कलम २९ मध्ये स्वच्छ लिहिलेला आहे. मराठीत 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी २००८ पासून चालवून दाखवले आहे. त्या दिवसानंतर आम्ही सभागृह ठरवताना आधी पायऱ्या मोजतो. पत्रिका ब्रेलमध्ये काढणे, मूकबधिर मुलांना पहिल्या रांगेत बसवून शेजारी खुणांची भाषा जाणणारा माणूस उभा करणे, ही कामे पैशापेक्षा आधी आठवण ठेवण्याची आहेत.

दुसरी गोष्ट उमगायला मला जास्त वर्षे लागली. बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या डोंगरी आणि कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळी झाली की कोयते घेऊन टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडून ते परततात फाल्गुन-चैत्रात. आणि आपले समारोह कधी? थंडीत. हवा चांगली, मांडवात बसवते, बाहेरचे कलावंत मिळतात. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण प्रवेश मोफत ठेवतो, तीच माणसे त्या रात्री फडाजवळच्या खोपीत असतात. गावात उरतात म्हातारी माणसे आणि आजीजवळ ठेवलेली पोरे. बिनतिकिटाच्या कार्यक्रमाला अर्धे गाव का आले नाही, याचा हिशोब आम्ही कित्येक वर्षे चुकीचा लावत होतो. लोकांना आवड नाही, असे म्हणत होतो.

गोंधळ्याने हा हिशोब कधीच चुकवला नाही. त्याची सुपारी लग्नसराईची, वैशाखातली. गावोगावच्या जत्रा चैत्रात, रान मोकळे आणि माणसे घरी असताना. परभणीकडचे राजाराम कदम यांच्यासारखे मोठे गोंधळी याच रिवाजात वाढले. आता आम्हीही एक कार्यक्रम चैत्रात घेतो, शाळेच्या पटांगणात, ऊन उतरल्यावर. गायकांना उकाड्याची कल्पना आधी देतो, माठ भरून ठेवतो. पहिल्या वर्षी टोळीहून चारच दिवसांपूर्वी आलेल्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. सतरंजीवर बसा म्हटले तर म्हणाल्या, पाय मळलेत. एका म्हातारीने आपल्या पदराने सतरंजीचा कोपरा झटकला आणि त्यांना हाताला धरून बसवले.