मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका

"अजून पिकला नाही, दिवाळी झाल्यावर बघू." बीड, लातूर, परभणीकडच्या घरांत म्हाताऱ्या माणसाच्या मोतीबिंदूबद्दल हे हमखास ऐकू येतं. पूर्वी डोळ्यातलं भिंग अख्खं काढून टाके घालत, नंतर जाड भिंगांचा चष्मा लागे. तेव्हा नजर जाईपर्यंत थांबण्यात अर्थ होता. आता मोतीबिंदू जितका पिकेल तितकं ऑपरेशन अवघड होतं. आणि ते कुठल्याही ऋतूत करता येतं, उन्हाळ्यातसुद्धा.

डोळ्याच्या बाहुलीमागं हे भिंग असतं. साधारण 9 ते 10 मिमी रुंद, 4 मिमीच्या आसपास जाड, भोवती पातळ पारदर्शक पिशवी. त्यात रक्तवाहिनी नसते. जुने तंतू गळून पडत नाहीत, नवे त्यांच्यावर थर देत जातात, त्यामुळं अगदी मधला भाग जन्माआधीचा असतो. वयानं त्यातली प्रथिनं गोळा होतात, गाभा पिवळा, मग तपकिरी आणि कडक होतो. भिंग असं गढूळ होणं म्हणजेच मोतीबिंदू.

गाभ्याचा मोतीबिंदू सुरुवातीला फसवतो. आजोबा एकाएकी चष्म्याविना पोथी वाचू लागतात, घरच्यांना नजर सुधारली असं वाटतं. प्रत्यक्षात भिंगाची ताकद वाढून मायनस नंबर आलेला असतो, म्हणून जवळचं दिसतं, लांबचं धूसरच राहतं. भिंगाच्या मागच्या बाजूला आलेला डाग वेगळा वागतो. भर दुपारी वावरात बाहुली बारीक झाली की डोळे दिपतात, दिवस कलला की बरं दिसतं. हा प्रकार मधुमेहात आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत जास्त. धुळीनं डोळे खाजतात म्हणून मेडिकलवरून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोनमहिने घालणं फार घातक आहे. त्यानं पोरासोरांनाही मोतीबिंदू आणि काचबिंदू होतो.

कोणत्याही थेंबानं, काढ्यानं किंवा मधानं मोतीबिंदू जात नाही. कापूस वेचताना, सुईत दोरा ओवताना, एसटीची पाटी वाचताना अडायला लागलं की वेळ झाली समजावं. फार थांबलं तर पांढरा झालेला मोतीबिंदू फुगून डोळ्यातलं पाणी वाहून जायची वाट बंद करतो. दाब चढतो, डोळा लाल होऊन ठणकतो, उलट्या होतात. त्यात नस सुकली तर ती नजर परत येत नाही.

ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी आणि बुबुळाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची, वक्रता मोजतात. लांबीत 1 मिमी चूक झाली तरी आत बसवायच्या कृत्रिम लेन्सचा नंबर अडीच-तीननं चुकतो, म्हणून मोजताना डोळा स्थिर ठेवायचा. लघवीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही गोळ्यांनी बाहुली नीट मोठी होत नाही आणि ऐन ऑपरेशनात बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनानं बंद करू नका.

फेको पद्धतीत 2 ते 3 मिमीच्या छेदातून पिशवीच्या पुढच्या बाजूला सुमारे 5 मिमीची गोल खिडकी उघडतात. ध्वनिलहरींनी गाभा फोडून ओढून घेतात आणि घडीची लेन्स त्याच पिशवीत उलगडतात. लोक याला लेझर म्हणतात, पण काम ध्वनिलहरींचं असतं. गाभा फार कडक असेल तर लहरी जास्त लागतात आणि बुबुळाच्या आतल्या पेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. अशा डोळ्याला 6-7 मिमीच्या छेदाचं बिनटाक्याचं ऑपरेशन बरं. ते स्वस्त आहे, शिबिरांत तेच जास्त होतं, आणि सराव असलेल्या हाताचा त्याचा निकाल उत्तम लागतो.

नंतर थेंब वेळेवर घालावेत. दुधाळ थेंबाची बाटली आधी हलवायची, दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं, बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही. डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, खळ्यावरची धूळ टाळायची. ऑपरेशननंतर दुखणं वाढलं, लाली आली किंवा दिसणं कमी झालं, तर जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा उद्यावर न ढकलता त्याच दिवशी दवाखाना गाठा. महिन्या-वर्षांनी हळूहळू धूसर झालं तर बहुधा मागची पिशवी गढूळ झालेली असते. तिथं खरोखरचं लेझर लागतं, आणि ते काही मिनिटांत होतं.