उपटायचं कोणतं? कॅलिफोर्निया पॉपी आणि पिवळा धोतरा

पहिल्या वर्षी मी धोतऱ्याला पाणी घातलं आणि पॉपी तण समजून उपटली. कोवळेपणी दोन्हींचा रंग तोच, निळसर राखी हिरवा. पंधरवड्यानं पानांना काटे दिसले तेव्हा कपाळावर हात मारला.

घोळ होणारच, दोघं अफू-खसखशीच्या एकाच कुळातले. शेजारच्या काकूंनी तर “अफू लावलीस काय गं?” असंही विचारलं. अफू नव्हे, या पॉपीत मॉर्फीन नसतं. ‘धोतरा’ हे नावही फसवंच. महादेवाला वाहतात तो धोतरा वांगी-मिरचीच्या कुळातला, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आणि सीना नदीच्या काठापासून पडक्या प्लॉटपर्यंत दिसणारा हा पिवळा धोतरा आपल्याला गावठी वाटतो, पण तो मूळचा मेक्सिकोकडचा!

खरी ओळख अगदी पहिल्या दोन पानांत. पॉपीचं प्रत्येक बीजपान टोकाला दुभंगलेलं, सापाच्या जिभेसारखं. धोतऱ्याचं सरळसोट. पुढे पॉपीची पानं गाजराच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली आणि मऊ राहतात, धोतऱ्याची रुंद होतात, शिरांवर पांढरे पट्टे येतात, कडेला काटे. तरी शंका राहिलीच तर पान मोडून बघा. धोतऱ्यातून हळदीसारखा पिवळा चीक येतो. फुलांत मग गोंधळ उरत नाही: पॉपीच्या केशरी चार पाकळ्या कळीवरची टोकदार टोपी ढकलून उघडतात, संध्याकाळी आणि ढगाळ हवेत मिटतात.

कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. तिथल्या माळांवर ही पॉपी त्याच थंड ओलीवर वाढते. १९०३ पासून ते त्या राज्याचं फूल आहे. सोलापुरात तिला शाळूसारखी रब्बीची समजा. सप्टेंबरचा मोठा पाऊस सरला की दसऱ्यानंतर पेरायची, म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या आगेमागे फुलं बघायला मिळतात. अडचण आपल्या काळ्या मातीची आहे, पाणी धरून ठेवते आणि मूळ कुजतं. मी निम्मा मुरूम मिसळते. शेणखत जवळजवळ नाहीच, नाहीतर नुसता पाला माजतो. बी वर भुरभुरून चिमूटभर मातीनं झाकायचं. रोप काढून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नका. सोटमूळ दुखावलं की रोप मान टाकतं. जिथं हवं तिथंच पेरा आणि वीतभर अंतरावर विरळणी करा. इथल्या एप्रिलच्या उन्हात ती वाळून जाते. धोतरा तेव्हाही खुशाल उभा असतो.

बियांच्या बाबतीत मात्र सावध. धोतऱ्याचं काटेरी बोंड उकललं की आत मोहरीसारखे काळसर दाणे निघतात, आणि ते विषारी असतात. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच बियांचं तेल मिसळलं गेलं, माणसांच्या अंगावर सूज आली आणि ६० हून जास्त दगावली. म्हणून बोंडं धरायच्या आधीच, हातमोजे घालून, तो मुळासकट काढते. पॉपीच्या लांब शेंगा तपकिरी झाल्या की सकाळीच तोडाव्यात, ऊन चढलं की फटकन फुटून बी उडवतात. तेही बारीक आणि गोलच. माझी बियांची डबी फोडणीच्या डब्याजवळ कधीच नसते. ती मागच्या दाराशी, खुरप्याशेजारच्या कोनाड्यात.