भौतिक राशींचे शालेय मापन : मराठवाड्याच्या संदर्भात

जी राशी संख्येने सांगता येते तिला भौतिक राशी म्हणतात. अशा राशीची तिच्याच जातीच्या ठरीव प्रमाणाशी तुलना करून ते प्रमाण तिच्यात किती वेळा सामावते हे काढणे म्हणजे मापन. त्यामुळे मापनाच्या उत्तरात संख्या आणि एकक ही दोन्ही लागतात. ‘विहीर पाच खोल आहे’ या वाक्याला अर्थ नाही. पाच मीटर, पाच हात की पाच परस, म्हणजे पाच पुरुषभर खोल, हे सांगितल्यावरच पाणी किती खाली आहे ते कळते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात हा विषय उच्च प्राथमिक वर्गांत सुरू होतो आणि अकरावीच्या भौतिकशास्त्रात त्रुटी व सार्थ अंक, म्हणजे मापनातले भरवशाचे अंक, यांपर्यंत पोचतो. मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या कानावर शाळेतील दशमान एकके आणि खळ्यावरची, शिवारातली जुनी मापे ही दोन्ही रोज पडत असतात, आणि पाठ्यपुस्तकाने फारशी दखल न घेतलेली ही गोष्ट विषय समजण्याला मोठी मदत करणारी आहे.

आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीला 1960 मध्ये सध्याचे नाव मिळाले आणि 1971 मध्ये मोलचा समावेश झाल्यावर तिच्या मूलभूत राशी सात झाल्या: लांबी, वस्तुमान, काल, विद्युतधारा, तापमान, पदार्थाचे प्रमाण आणि दीप्ती तीव्रता. शाळेत हाताने मोजल्या जातात त्या मुख्यतः पहिल्या तीन, शिवाय तापमान आणि वरच्या वर्गांत विद्युतधारा. क्षेत्रफळ, घनफळ, घनता, चाल या राशी मूलभूत राशींपासून साधलेल्या असतात. एककांच्या व्याख्या काळाबरोबर बदलल्या आहेत. सेकंद 1967 पासून सीझियम अणूच्या प्रारणाच्या 9,19,26,31,770 आवर्तनांवर बसवलेला आहे. 1983 पासून प्रकाश निर्वातात 1/29,97,92,458 सेकंदात जेवढे अंतर कापतो ते एक मीटर धरले जाते. आणि पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या वृत्तचितीवर उभी असलेली किलोग्रॅमची व्याख्या 20 मे 2019 पासून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर, आली. त्या वृत्तचितीची 57 क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे.

धान्याची जुनी मापे पाहिली की राशी आणि एकक यांतला भेद लगेच ध्यानात येतो. चिपटे म्हणजे पाव शेर, मापटे म्हणजे अर्धा शेर, दोन शेरांची अधोली आणि चार शेरांची पायली ही सारी भांड्याची मापे आहेत. ती घनफळ मोजतात, वस्तुमान मोजत नाहीत. शेर या एकाच नावाने मापाचा शेर आणि वजनाचा शेर असे दोन निराळे शेर चालत असल्याने घोटाळा आणखी वाढतो. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर करडई काट्यावर ठेवली तर किलोचे आकडे वेगळे येतात, कारण भांडे तेच असले तरी घनता वेगळी असते. घनतेचा पाठ शिकवायला याहून सोपे साहित्य शोधण्याची गरज नाही. माप रेवून, म्हणजे काठाबरोबर सपाट करून घ्यायचे की शीग लावून, यावरही उत्तर बदलते. शिगेचा ढीग दाण्याच्या आकारावर आणि मापणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो, म्हणून तेच माप दोन माणसांनी भरले तर दोन उत्तरे निघतात. खळ्यावर धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत आहे, आणि पुढची गणती ‘दोन’, ‘तीन’ अशी चालते. त्यात श्रद्धा असली तरी मोजणी चुकत नाही, कारण एककांची संख्या तीच राहते.

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी भारताने वजने व मापे यांच्या प्रमाणांचा कायदा केला आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. व्यापारातला शेर आणि मण यांची जागा किलोग्रॅम आणि क्विंटल यांनी घेतली. 80 तोळ्यांचा वजनी शेर सुमारे 933 ग्रॅमचा असल्याने किलो त्याच्या जवळचाच होता आणि तो लवकर रुळला. जमीन मात्र अजून एकर आणि गुंठ्यातच बोलली जाते. 33 फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, सुमारे 101 चौरस मीटर, आणि 40 गुंठ्यांचा एकर. सोन्याचा तोळा तर नाव तेच ठेवून 11.66 ग्रॅमवरून 10 ग्रॅमवर आला.

लांबी मोजण्याच्या साधनांची निवड किती बारकाईने मोजायचे आहे यावर ठरते. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या मोजपट्टीचे लघुतम माप, म्हणजे तिच्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, 1 मिलिमीटर असते. ज्वारीचा एक दाणा साधारण 4 मिलिमीटरचा, म्हणून पट्टीवर एकच दाणा मोजणे व्यर्थ आहे. 20 दाणे ओळीत लावून एकूण लांबीला 20 ने भागले की सरासरी व्यास बराच विश्वासार्ह येतो. व्हर्निअर कॅलिपरमध्ये सरकपट्टीचे 10 भाग मुख्य पट्टीच्या 9 भागांइतके असतात आणि त्या लहानशा फरकातून 0.1 मिलिमीटरपर्यंत वाचता येते. 1 मिलिमीटर अंतराल, म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू सरकतो तेवढे अंतर, आणि 100 भागांची चकती असलेले स्क्रू गेज 0.01 मिलिमीटरपर्यंत जाते. जबडे पूर्ण मिटल्यावरही शून्य जुळत नसेल तर ती शून्य त्रुटी प्रत्येक वाचनातून वजा करावी लागते, आणि हीच पायरी प्रयोगवहीत सर्वाधिक वेळा गाळली जाते. डोळा खुणेच्या बरोबर समोर न ठेवता तिरपे पाहिल्याने येणाऱ्या चुकीला पराशय दोष म्हणतात. वाचने दहादा घेतल्याने हातून इकडेतिकडे होणारी चूक कमी होते, पण शून्य त्रुटी दहादा घेतली तरी तेवढीच राहते. हा फरक समजल्याशिवाय सरासरी काढणे हा नुसता शिरस्ता होतो.

वस्तुमान आणि वजन यांतला गोंधळ बाजारभाषेतून येतो. काट्यावर ‘वजन 5 किलो’ म्हणताना सांगितले जाते ते वस्तुमान. भौतिकशास्त्रातील वजन हे बल असून त्याचे एकक न्यूटन आहे. मराठवाड्याचा अक्षांश आणि पठाराची सुमारे 500 मीटर उंची धरली तर येथील गुरुत्वत्वरण 9.78 मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास येते, पुस्तकातल्या 9.8 हून किंचित कमी. दोन पारड्यांच्या तराजूला या फरकाचे सोयरसुतक नसते, कारण दोन्ही बाजूंना तो सारखाच लागू होतो. स्प्रिंगच्या ताणकाट्याचे वाचन मात्र त्याने बदलते.

काल मोजण्याची लोकरीत सूर्यावर चालते: ‘दिवस कासराभर वर आला’ हे क्षितिजापासूनचे अंतर दोराच्या लांबीने सांगणे आहे. घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ जुळत नाहीत. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, छत्रपती संभाजीनगर सुमारे 75.3 अंशांवर, आणि प्रत्येक अंशाला 4 मिनिटे, म्हणून तेथील मध्यान्ह सरासरीने 12 वाजून 29 मिनिटांनी होते; नांदेडला ती सुमारे 8 मिनिटे आधी होते. अंगणात उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली कधी पडते हे पाहून शाळेलाही हा हिशेब पडताळता येईल. मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सावली जवळजवळ नाहीशीच होते, पण तेव्हा शाळेला सुटी असते आणि जुलैत तीच संधी पुन्हा येते तेव्हा आभाळ असते. प्रयोगशाळेत काल साध्या दोलकाने शिकवतात. 1 मीटर लांबीच्या दोलकाचा आवर्तकाल सुमारे 2 सेकंद असतो. स्टॉपवॉच दाबताना 0.2 सेकंदाची चूक झाली तर एकाच दोलनात ती 10 टक्के ठरते, 20 दोलनांच्या 40 सेकंदांत मात्र अर्धा टक्काच.

तापमानाबाबत एकच गोष्ट येथे नोंदवावी. हवेचे तापमान सावलीतल्या, झरोकेदार पेटीत ठेवलेल्या तापमापीने घेतात. परभणी शहर आणि तेथील कृषी विद्यापीठ यांची किमान तापमाने बातम्यांत वेगळी छापली जातात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात, कारण जागा दोन आहेत.

पावसाचे मापन अभ्यासक्रमात जेमतेम येते, परंतु या प्रदेशात त्याला सर्वांत जास्त किंमत आहे. पाऊस मिलिमीटरमध्ये, म्हणजे लांबीत मोजतात: सपाट जमिनीवर पडलेले पाणी न मुरता, न वाहता जेवढे उंच साचेल तेवढा पाऊस. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानीच्या पंचनाम्यांचा प्रश्न त्या आकड्याशी जोडला जातो. एका एकरावर हा पाऊस सुमारे 2 लाख 63 हजार लिटर होतो. मंडळातील अनेक गावांसाठी पर्जन्यमापक एकाच ठिकाणी असतो आणि पाऊस पट्ट्यापट्ट्याने पडतो, त्यामुळे शेत पाण्याखाली असूनही आकडा 65 च्या खाली राहू शकतो. साधन अचूक असूनही ते जेथे ठेवले आहे ती जागा मंडळाचे खरे प्रतिनिधित्व करीत नसेल तर उत्तर चुकते. त्रुटीच्या प्रकारांत ही त्रुटी शिकवली जात नाही, आणि ती शिकवली जावी असे या नोंदीचे मत आहे.

लांबीच्या मापनाचे टोकाचे उदाहरण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात नियोजित आहे. लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 मध्ये मंजुरी दिली. तिच्या काटकोनात असणाऱ्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटरच्या असतील, आणि लहर जाताना त्यांच्या लांबीत होणारा, प्रोटॉनच्या रुंदीच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका बदल लेसर किरणांच्या व्यतिकरणाने, म्हणजे दोन किरण एकमेकांत मिसळून उजेड कमीजास्त होण्यावरून, टिपायचा आहे. एवढ्या सूक्ष्म मापनात वाऱ्याने, रस्त्यावरच्या वाहनांनी आणि दूरच्या भूकंपाने होणारी जमिनीची थरथरही त्रुटी ठरते, म्हणून ती सतत वेगळी मोजून निकालातून बाजूला काढावी लागते.